बिनपरवान्याचा जलसा

इतिहासाच्या पुस्तकांत सभांना जागा मिळते, ठरावांना मिळते, गोळीबारांना तर हटकून मिळते. परंतु गाण्याच्या बैठकीस ती क्वचितच मिळते. गाणें म्हणजे करमणूक, आणि करमणूक ही समासांत टिपून ठेवण्याची गोष्ट, असा आम्हां इतिहास शिकविणाऱ्यांचा एक जुना समज आहे. १९६८ सालच्या ऑगस्टच्या २५ तारखेस, रविवारीं, अमेरिकेंतील शिकागो शहराच्या लिंकन पार्क नांवाच्या बागेंत पांच तरुणांनीं भर दुपारीं जो जलसा केला, त्याकडे मात्र समासांतून पाहून भागत नाहीं. या तरुणांच्या वाद्यवृंदाचें नांव 'एमसी-फाइव्ह', म्हणजे 'मोटर सिटी फाइव्ह'. मोटारींच्या शहरचे पांच. त्यांचें संगीत रॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचें, विजेच्या गिटारींचें आणि कानठळ्या बसविणारें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस तें रुचणार नाहीं, व त्याची गोडी लावावी असा आमचा हेतूहि नाहीं. पण राजकारण आणि संगीत हीं दोन एका गाडीस जुंपलीं म्हणजे कोण कोणास ओढतें, आणि गाडी खड्ड्यांत गेली तर मार कोणास बसतो, हा प्रश्न कोणत्याहि देशांतल्या सुशिक्षितास परका नाहीं. त्याचा विचार करण्यास या प्रसंगाइतकें बोलकें उदाहरण आम्हांस दुसरें आढळलें नाहीं.

हे पांचहि जण डेट्रॉइटच्या परिसरांत नांवारूपास आलेले. वेन क्रेमर व फ्रेड स्मिथ हे गिटार वाजवीत. मायकेल डेव्हिस याच्याकडे मंद्र स्वरांची बेस गिटार व डेनिस थॉम्प्सन याच्याकडे ड्रम. गाणारा रॉब टायनर. क्रेमर आणि स्मिथ डेट्रॉइटच्या ज्या उपनगरांत वाढले त्याचेंहि नांव लिंकन पार्कच होतें, हा योगायोग गमतीचा खरा, पण त्यांतून कांहीं निष्कर्ष काढण्याचा मोह वाचकांनीं आवरावा. टायनर हें आडनांव जन्माचें नव्हे. जॉन कोल्ट्रेन या थोर सॅक्सोफोन-वादकाच्या साथीला पियानो वाजविणारे मॅकॉय टायनर यांच्यावरील भक्तीनें तें त्यानें धारण केलें होतें. एवढ्या एका गोष्टीवरून या गोऱ्या मुलांचे कान कोणत्या दिशेस लागले होते तें कळून येईल. मोटार-कारखान्यांच्या त्या शहरांत निग्रो संगीताची जी समृद्ध परंपरा होती, तिच्यावर त्यांचा पिंड पोसला होता.

१९६७ च्या जुलै महिन्यांत डेट्रॉइट पेटलें. एका बेकायदा मद्यगृहावर पोलिसांनीं घातलेल्या धाडीचें निमित्त झालें, आणि पुढील पांच दिवसांत ४३ माणसें मेलीं. सात हजारांहून अधिक लोकांची धरपकड झाली व शेवटीं विमानांतून उतरणाऱ्या पलटणी शहरांत आणाव्या लागल्या. जॉन ली हूकर या वयोवृद्ध होऊं लागलेल्या निग्रो गायकानें त्याच वर्षीं या आगीवर 'मोटर सिटी इज बर्निंग' हें गाणें ध्वनिमुद्रित केलें, व तें या पांच जणांनीं आपलेंसें केलें. राजकारणाची जी जाणीव त्यांच्यांत होती ती ग्रंथांतून आलेली नव्हती. ती लांब केसांच्या मुलांस वाटेल तेव्हां अडविणाऱ्या पोलिसांच्या सहवासानें आली होती. तिला ग्रंथांची भाषा दिली ती जॉन सिंक्लेअर यांनीं. सिंक्लेअर हे कवि, जाझ-संगीताचे मर्मज्ञ टीकाकार, आणि मंडळ्या काढण्याची हौस उपजत असलेले गृहस्थ. ते या वाद्यवृंदाचे व्यवस्थापक झाले आणि १९६८ च्या मे महिन्यांत सारें बिऱ्हाड डेट्रॉइटहून जवळच्या अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गांवीं हललें.

आतां शिकागोकडे वळूं. त्या वर्षीं अमेरिकेचें मन ठिकाणावर नव्हतें. एप्रिलच्या ४ तारखेस मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. जूनमध्यें रॉबर्ट केनेडी यांचा झाला. व्हिएटनाममधील युद्ध तर थांबण्याचें चिन्हच नव्हतें. डेमोक्रॅटिक पक्षाचें अध्यक्षीय उमेदवार निवडण्याचें अधिवेशन ऑगस्टच्या २६ पासून २९ पर्यंत शिकागोस भरावयाचें होतें, आणि तेथील महापौर रिचर्ड डेली हे शहर म्हणजे आपला वाडा समजणारे जुन्या वळणाचे पुढारी होते. किंग यांच्या खुनानंतर झालेल्या जाळपोळींत आग लावणाऱ्यांस ठार मारण्याच्या बेतानेंच गोळी घालावी, अशी आपली आज्ञा होती असें त्यांनीं उघडपणें सांगितलें होतें. या अधिवेशनाच्या तोंडावर त्याच शहरांत 'जीवनाचा उत्सव' भरविण्याची घोषणा 'यिप्पी' म्हणविणाऱ्या एका विक्षिप्त मंडळीनें केली. अ‍ॅबी हॉफमन व जेरी रुबिन हे तिचे म्होरके. सभागृहांत मृत्यूचा कारभार चालेल, तर आम्ही बागेंत गाऊं, नाचूं व झोंपूं, अशी त्यांची भूमिका. नळाच्या पाण्यांत मादक द्रव्य कालविण्याची धमकीहि त्यांनीं थट्टेनें दिली. ती थट्टा शहराच्या अधिकाऱ्यांस समजली नाहीं, आणि पाणीपुरवठ्यावर पहारे बसले.

उत्सवास परवाना हवा होता. महिनेच्या महिने अर्जांवर बसून शहरानें तो शेवटपर्यंत दिला नाहीं. युद्धविरोधी दुसऱ्या एका संघटनेनें न्यायालयांत दाद मागितली, तेव्हां ती फेटाळणारे न्यायाधीश हे महापौरांचे एके काळचे वकिलीच्या धंद्यांतील भागीदार होते! रात्रीं अकरानंतर बागेंत कोणी थांबूं नये, हा एरवीं फारसा न पाळला जाणारा नियम एकाएकीं पवित्र ठरला. सुमारे १२,००० पोलीस बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर नेमले गेले. नॅशनल गार्डचे सुमारे सहा हजार शिपाई बोलावले गेले. लष्करहि जवळ आणून ठेवलें गेलें. अधिवेशनाच्या आधींच्याच आठवड्यांत रशियाचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानींत शिरले होते. तेव्हां निदर्शकांनीं शिकागोचें नांव मोडून 'चेकागो' केलें, ही कोटी कडवट असली तरी अगदींच अनाठायीं म्हणतां येत नाहीं.

आमच्या मतें या कथेचा खरा गाभा येथें आहे. उत्सवास अनेक नामांकित गायक-वादक येतील, असा डांगोरा यिप्पींनीं कित्येक महिने पिटला होता. परवाना मिळत नाहीं व पोलीस सज्ज आहेत हें जसजसें दिसूं लागलें तसतसे हे नामांकित एकेक करून गळाले. त्यांस भित्रे म्हणणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. श्रोत्यांचीं डोकीं फुटणार हें ठाऊक असतां त्यांस गाण्याच्या आमिषानें बोलावणें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न विवेकी माणसास पडलाच पाहिजे. 'रोलिंग स्टोन' या संगीतविषयक नियतकालिकाचे तरुण संपादक जान वेनर यांनीं त्या उन्हाळ्यापूर्वींच यिप्पींवर झोड उठविली होती. हे लोक संगीताच्या लोकप्रियतेवर आपलें राजकारण फुकट पोसूं पाहत आहेत, असा त्यांचा आक्षेप. शिकागोंतील 'सीड' या तरुणांच्याच पत्रानेंहि, प्रेमाचा उत्सव पाहावयास मिळेल अशा आशेनें कोणी येऊं नये, असा इशारा ऐन ऑगस्टमध्यें दिला. इतकें होऊनहि जे आले ते एमसी-फाइव्ह. गायक फिल ऑक्स हे त्या आठवड्यांत निदर्शकांबरोबर होते, पण वाद्यवृंद म्हणाल तर हा एकच.

ते कां आले? केवळ तत्त्वनिष्ठेनें, असें सांगणारे भक्त आहेत; केवळ प्रसिद्धीसाठीं, असें सांगणारे निंदकहि आहेत. आम्हांस दोन्ही अर्धवट वाटतात. त्या वेळीं डेट्रॉइटच्या आसमंताबाहेर त्यांस फारसें कोणी ओळखत नव्हतें. मोठ्या कंपनीशीं करार नव्हता, म्हणून तो मोडण्याची भीति नव्हती. आणि देशभरचे वार्ताहर जेथें गोळा झाले आहेत तेथें वाजविल्यानें नांव होईल, हा हिशेब सिंक्लेअर यांच्यासारख्या चतुर माणसानें केला नसेल असें मानणें भाबडेपणाचें आहे. पण हिशेब केला म्हणून धैर्य खोटें ठरत नाहीं. गमावण्यासारखें ज्यांच्यापाशीं कीर्तीचें भांडवल होतें ते घरीं राहिले, आणि ज्यांच्यापाशीं फक्त उसन्या-पासन्यानें जमविलेलीं वाद्यें होतीं ते तीं गाडींत घालून दोनशेंहून अधिक मैलांचा पल्ला तोडून आले.

त्या दुपारीं बागेंत कांहीं हजार माणसें होतीं. लाखांच्या गोष्टी करणाऱ्या यिप्पींच्या मानानें ही संख्या केविलवाणी. रंगमंच नव्हता. सपाट पाठीची एक मालमोटार आणून तिच्यावर वाद्यवृंद उभा करावयाचा बेत होता, तो पोलिसांनीं अडविला. म्हणून हिरवळीवरच ध्वनिवर्धक मांडले गेले. विजेची सोय आयोजकांनीं केलेलीच नव्हती. क्रांतीची भाषा करणाऱ्यांस तारेचें एक भेंडोळें व एक खटका यांची आठवण राहूं नये, हें क्रांतिकारकांच्या जातीस धरूनच झालें. अखेर बागेंतल्या हॉट-डॉग विकणाऱ्या एका टपरींतून तार ओढून वीज घेतली, आणि चारच्या सुमारास वादन सुरू झालें. भोंवतीं पोलिसांचें कडें होतें. हेलिकॉप्टर अगदीं खालीं येऊन घिरट्या घालीत होतें. 'स्टारशिप' नांवाची त्यांची एक लांबलचक रचना सन रा या निग्रो संगीतकाराच्या कवितेवरून स्फुरलेली असून तींत अंतराळयानाच्या घरघरीचा आभास निर्माण करण्याचा प्रयत्न आहे. ती चालू असतां वरून येणारा खराखुरा यंत्रांचा आवाज तींत असा मिसळला कीं तो बाहेरचा वाटेना, असें क्रेमर पुढें सांगत असे.

ही हकीकत सांगणारे बहुतेक लोक त्याच मेळ्यांतले. परंतु एक साक्षीदार बाहेरचा होता, आणि तो साधासुधा नव्हता. कादंबरीकार नॉर्मन मेलर हे अधिवेशनाचा वृत्तांत लिहिण्यासाठीं आले होते व त्या दुपारीं ते बागेंत उभे होते. त्यांच्या 'मायामी अँड द सीज ऑफ शिकागो' या १९६८ च्याच पुस्तकांत या संगीताचें वर्णन आलें आहे. मेलर यांचें वय तेव्हां पंचेचाळीस, आणि त्यांचें तारुण्य जाझ ऐकण्यांत गेलेलें. गाणाऱ्याचा फुगविलेला केशसंभार पाहून त्यास अठराचा समजावें कीं अठ्ठाविसाचा, हेंहि त्यांस ठरवितां आलें नाहीं. तो होता तेविसाचा. हा गोंगाट आपल्या पिढीचा नव्हे, तरी जें युग येऊं घातलें आहे त्याचा आवाज बहुधा हाच, अशा द्विधा मनानें त्यांनीं तो ऐकला. पन्नाशी उलटलेल्या आमच्यासारख्यास मेलर यांचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. न आवडणारें परंतु खोटें नसलेलें असें कांहीं ऐकूं येतांच बहुतेक प्रौढ माणसें त्यास खोटें ठरवून मोकळीं होतात.

पुढें या जलशाभोंवतीं दंतकथा जमल्या. एमसी-फाइव्हनें त्या दिवशीं सलग आठ तास वाजविलें, असें विधान कित्येक ठिकाणीं छापलेलें आढळतें, आणि एकाचें पाहून दुसऱ्यानें तें उतरून घेतलेलें आहे. साधें गणित केलें तरी तें टिकत नाहीं. चारच्या सुमारास आरंभ, मध्यें मालमोटारीवरून झालेली बाचाबाची, आणि रात्रीं अकराला बाग रिकामी करण्यासाठीं उगारलेल्या लाठ्या, यांत आठ तास बसवावयाचे कसे? स्वतः वादकांच्या आठवणी पाहिल्या तर वादन फार वेळ चाललेंच नाहीं, गडबड वाढतांना पाहून त्यांनीं घाईघाईनें सामान गाडींत टाकलें व ते निघून गेले, असेंच दिसतें. आठ तासांची कथा ज्यांनीं रचली त्यांचा हेतु गौरवाचा असेल. पण थोडा वेळ वाजवून वेळेवर निघून जाणाऱ्या मुलांचें चित्र त्या कथेपेक्षां अधिक मानवी आहे. शिवाय ज्यानें त्या दिवशीं खरोखर रात्रीपर्यंत थांबून मार खाल्ला, त्या निनांवी श्रोत्याचा वांटा वादकांच्या पदरांत कां टाकावा?

वादन संपतें न संपतें तोंच ध्वनिक्षेपक हॉफमन यांच्या हातीं गेला, आणि मालमोटार न येऊं देणाऱ्या पोलिसांवर तोंडसुख सुरू झालें. आम्हांस या क्षणाचें फार महत्त्व वाटतें. विजेच्या त्याच तारेंतून, त्याच कर्ण्यांतून आधीं संगीत आलें व मग भाषण आलें. संगीत चालूं होतें तोंपर्यंत पोलीस व श्रोते दोघेहि एका अर्थानें ऐकत होते. भाषण सुरू होतांच जो तो आपल्या बाजूस गेला. वेनर यांचा आक्षेप यिप्पींना लागू पडतो तो येथें. वादकांस तो लागू पडत नाहीं, कारण त्यांनीं कोणास उठावाची चिथावणी त्या वेळीं दिलीच नव्हती. त्यांचा गुन्हा एवढाच कीं त्यांनीं परवान्यावांचून वाजविलें. ज्या राज्यांत गाण्यास परवाना लागतो तेथें गाणारा राजकारणी होण्यास स्वतः फारसें कांहीं करावें लागत नाहीं.

त्या आठवड्याचा पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. रविवारीं व त्यानंतरच्या रात्रीं बागेंत मारझोड झाली. बुधवारीं, २८ तारखेस, मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर मोठ्या हॉटेलासमोर दूरचित्रवाणीच्या दिव्यांच्या लख्ख उजेडांत पोलिसांनीं लोकांस झोडपलें. डॅनियल वॉकर यांच्या चौकशी-अहवालानें या प्रकारास 'पोलिसांचा दंगा' हें नांव दिलें. तरीहि खटला भरला गेला तो निदर्शकांच्या आठ पुढाऱ्यांवर. त्या खटल्यांत साक्षीस आलेल्या फिल ऑक्स व ज्यूडी कॉलिन्स या गायकांस आपलें गाणें न्यायालयांत म्हणूं दिलें नाहीं, आणि रुबिन यांचा त्या आठवड्यांतला अंगरक्षक हा वेषांतर केलेला पोलीस असल्याचें उघड झालें.

वाद्यवृंदास मात्र शिकागोनें हवें होतें तें दिलें असें प्रथम भासलें. सप्टेंबरमध्यें एलेक्ट्रा या ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीनें त्यांच्याशीं करार केला; ऑक्टोबरच्या ३० व ३१ तारखांस डेट्रॉइटच्या ग्रँडी बॉलरूममध्यें, प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर, 'किक आउट द जॅम्स' ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. नोव्हेंबरांत सिंक्लेअर यांनीं 'व्हाइट पँथर' नांवाचा पक्ष काढला. निग्रोंच्या ब्लॅक पँथर पक्षास गोऱ्यांनीं द्यावयाची ती साथ, अशी कल्पना. त्याच्या जाहीरनाम्यांतील कांहीं कलमें आमच्या मासिकांत छापण्याजोगीं नाहींत, व जीं छापण्याजोगीं आहेत त्यांपैकीं निम्मीं पोरकट आहेत. १९६९ च्या जानेवारींत त्याच 'रोलिंग स्टोन'नें टायनरचें छायाचित्र मुखपृष्ठावर घेतलें! एप्रिलांत त्याच पत्रानें ध्वनिमुद्रिकेची चिंधड्या उडविणारी परीक्षाहि छापली. ध्वनिमुद्रिकेंतील एका शिवराळ शब्दामुळें डेट्रॉइटच्या हडसन या बड्या दुकानानें ती विकण्याचें नाकारलें. त्यावर या वीरांनीं दुकानास शिवी देणारी जाहिरात काढून तींत कंपनीचें चिन्ह घातलें. दुकानानें कंपनीचा सगळाच माल परत केला व कंपनीनें यांस काढून टाकलें. पुढें दुसऱ्या कंपनीकडे दोन ध्वनिमुद्रिका झाल्या, आणि १९७२ च्या शेवटच्या रात्रीं त्याच ग्रँडी बॉलरूममध्यें थोडक्या श्रोत्यांपुढें वाजवून हा संसार मोडला.

सिंक्लेअर यांची कथा निराळी. गांजाच्या दोन विड्या वेषांतर केलेल्या पोलिसांस दिल्याबद्दल १९६९ च्या जुलैमध्यें त्यांस साडेनऊ ते दहा वर्षांची शिक्षा झाली. १९७१ च्या डिसेंबरच्या १० तारखेस त्यांच्या सुटकेसाठीं अ‍ॅन आर्बर येथें भरलेल्या प्रचंड जलशांत जॉन लेनन गाऊन गेले, व तीन दिवसांत सिंक्लेअर सुटले. त्या जलशास परवाना होता. त्याहून लांबवर पोंचलेला परिणाम कोणाच्या स्वप्नांतहि नव्हता. अ‍ॅन आर्बरमधील सरकारी गुप्तहेर-कचेरीच्या बॉम्बप्रकरणांत व्हाइट पँथरांवर जो खटला झाला, त्यांत सरकारनें न्यायालयाच्या हुकुमावांचून एका आरोपीचें दूरध्वनीवरील बोलणें चोरून ऐकलें होतें. डेट्रॉइटचे न्यायाधीश डेमन कीथ यांनीं तें बेकायदा ठरविलें, आणि १९७२ च्या जूनमध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध शून्य मतांनीं तो निर्णय उचलून धरला. देशांतील नागरिकांचें बोलणें सरकारनें हुकुमावांचून ऐकूं नये, हा दंडक ज्या निकालानें घालून दिला, त्याच्या मुळाशीं शिवराळ, लांब केसांच्या, पुष्कळ अंशीं बालिश अशा या मंडळीचा खटला आहे. तिच्या जाहीरनाम्यांतलें एकहि कलम अमलांत आलें नाहीं. आणि जें कलम तिनें लिहिलेंच नव्हतें तें अमेरिकेच्या कायद्यांत गेलें.

वादकांनीं पुढें राजकारणाचें खापर सिंक्लेअर यांच्या माथीं फोडलें, तर सिंक्लेअर यांनीं तुरुंगांत पडल्यावर आपणांस वाऱ्यावर सोडल्याचा ठपका वादकांवर ठेवला. दोघांचेंहि म्हणणें आम्हांस खरें वाटतें. क्रेमर स्वतःहि १९७० नंतरच्या दशकांत मादक द्रव्यांच्या गुन्ह्यांत तुरुंगांत गेला. उत्तरायुष्यांत त्यानें कैद्यांस गिटारी पुरविण्याचें व शिकविण्याचें काम अंगावर घेतलें. भाषणें पुष्कळ ऐकून झाल्यानंतर त्यानें वाद्येंच वांटावयास घेतलीं, ही गोष्ट आम्हांस लक्षांत ठेवण्याजोगी वाटते.

टायनर १९९१ मध्यें वारला, स्मिथ १९९४ मध्यें, डेव्हिस २०१२ मध्यें. २०२४ च्या फेब्रुवारींत क्रेमर गेला, एप्रिलांत सिंक्लेअर गेले व मे महिन्यांत थॉम्प्सन गेला. रॉक-संगीताच्या सन्मानगृहांत एमसी-फाइव्हचें नांव त्याच वर्षीं ऑक्टोबरांत घेतलें गेलें. तोंपर्यंत पांचांपैकीं एकहि जिवंत उरला नव्हता.